घराचे अभ्यंगस्नान
जोर पाण्याचा नव्हे, उटण्याचा!

पाऊस सरता सरता घरोघरी एक यादी तयार होऊ लागते. डबे घासायचे, माळे काढायचे, पडदे धुवायचे, पितळेच्या भांड्यांना चिंच लावायची, गोधड्यांना ऊन दाखवायचं. दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत गृहिणीने कमरेला खोचलेला पदर काही सुटत नाही! पण मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या यादीत घराची बाहेरची बाजू बहुधा राहूनच जाते. आत कानाकोपरा लखलखीत, आणि बाहेर भिंतीवर चार महिन्यांच्या पावसाच्या काळ्या रेघा तशाच. अंगणातल्या फरशीवर हिरवा थर, मागच्या दाराच्या पायरीवर बुळबुळीत शेवाळ.

भिंतीवरच्या काळ्या रेघा नुसत्या दिसायला वाईट. पायरीवरच्या शेवाळाचं मात्र तसं नाही. पहाटे उठून फुलं काढायला जाणारे सासूबाई-सासरे त्याच पायरीवरून उतरतात. उतारवयात घसरून पडणं म्हणजे खुब्याच्या हाडाशी गाठ. म्हणून बाहेरची सफाई ही शोभेची बाब आहे असं समजून ती पुढच्या वर्षावर ढकलू नये. आणि सुरुवातही दर्शनी भिंतीपासून न करता, माणसं जिथे पाय ठेवतात तिथून करावी.

हल्ली या कामासाठी पाण्याचा जोरदार फवारा मारणारं विजेचं यंत्र पुष्कळ गावांत मिळतं. कुणी विकत घेतात, कुणी गाड्या धुणाऱ्याकडून दिवसभरासाठी भाड्याने आणतात. या यंत्राची कुळकथा मोठी छान आहे. जर्मनीतले आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० साली गरम पाण्याचा उच्च दाबाचा फवारा मारणारं यंत्र बनवलं. १९५९ साली ते वारले, आणि त्यांच्या पत्नी इरेने यांनी कारखान्याची सूत्रं हाती घेतली. मुलाबाळांसकट तो व्याप त्यांनी जवळजवळ तीस वर्षं सांभाळला. सामान्य माणसाला घरी वापरता येईल असं लहान यंत्र त्यांच्याच कारकीर्दीत, १९८४ साली, त्या कारखान्यातून बाहेर पडलं. म्हणजे या यंत्राच्या पाठीशी एका बाईची मेहनत आहे, बरं का!

पण यंत्र घरात आलं की एक गैरसमजही त्याच्याबरोबर येतो. तो असा, की जितका पाण्याचा जोर जास्त तितकी भिंत स्वच्छ. मग यजमान किंवा चिरंजीव नळी हातात धरतात, फवारा भिंतीच्या अगदी जवळ नेतात आणि शेवाळाबरोबर रंगाचे पोपडे आणि गिलाव्याचे तुकडेही खाली येतात. आठ दिवसांनी पाहावं तर शेवाळ पुन्हा हजर! कारण वरवरचा थर निघाला तरी भिंतीच्या बारीक छिद्रांतलं शेवाळ जिवंतच राहिलं होतं.

दिवाळीच्या पहाटे आपण आंघोळ कशी घालतो ते आठवा. आधी तेल, मग उटणं, मग जरा वेळ जाऊ द्यायचा आणि शेवटी पाणी. मळ निघतो तो उटण्याने, पाणी तो फक्त वाहून नेतं. घराचंही तसंच आहे. योग्य ते द्रावण लावावं, त्याला दहा-पंधरा मिनिटं काम करू द्यावं, आणि मग बेताच्या जोराचं पाणी पुरे होतं. यंत्र नसेल तर काथ्याचा ब्रश आणि रबरी नळीही चालते. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ म्हणतात ते इथे अगदी खरं. आणि ही सगळी उटणी घरच्या घरी, वाण्याकडच्या जिनसांतून करता येतात.

आधी मळ ओळखा

सगळे डाग एका औषधाने जात नाहीत. बाहेरच्या भिंतीवरचा मळ मुख्यतः चार जातींचा असतो.

पहिली जात धुळीची आणि धुराची. रस्त्याकडेच्या घरांवर हा करडा थर बसतो आणि बोट फिरवलं की बोटाला लागतो.

दुसरी तेलकट जात. स्वयंपाकघराच्या पंख्याखाली बाहेरच्या भिंतीवर ओघळलेला चिकट तपकिरी पट्टा आणि स्कूटर उभी करायच्या जागेवरचे काळे डाग या जातीतले.

तिसरी जात सजीव. हिरवं शेवाळ सगळ्यांनाच ओळखता येतं. पण भिंतीवर वरून खाली उतरणाऱ्या काळ्या रेघाही पुष्कळदा बुरशीच्या आणि काळपट शेवाळाच्याच असतात. कोकणात सावलीतल्या भिंतींवर तांबूस-नारिंगी मखमलीसारखा थर दिसतो. त्याला पुष्कळजणी गंज किंवा तांबडी माती समजतात, पण तेही एक प्रकारचं शेवाळच. जुन्या दगडी गडग्यावर करड्या-पांढऱ्या चकत्या चिकटलेल्या असतात, ते दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्याचंच हे भावंड, पण गडग्यावरचं मसाल्यात घालायचं नाही हं!

चौथी जात क्षारांची आणि गंजाची. टाकीच्या गळक्या नळाखाली जमलेला पांढरा खडबडीत थर आणि खिडकीच्या गजांखाली उतरलेला तपकिरी ओघळ या जातीत येतात.

डाग कसला हे समजत नसेल तर एक सोपी परीक्षा करा. ब्लीचिंगच्या पातळ द्रावणाचा एक थेंब डागावर टाका. दोन-तीन मिनिटांत रंग फिका पडला तर तो बुरशी किंवा शेवाळाचा डाग. काहीच फरक पडला नाही तर धूळ, तेल किंवा गंज. गंजावर मात्र ब्लीचिंग वापरू नये. गंज निघत तर नाहीच, उलट पक्का बसतो.

मग भिंत ओळखा

मळाइतकीच भिंतही पाहायला हवी. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सारे चुनखडीच्या कुळातले दगड. त्यांना आंबट कधीच लावायचं नाही. लिंबू असो, व्हिनेगर असो की बाटलीतलं ॲसिड, ते दगडालाच खातं आणि फरशीची चकाकी कायमची जाते. काळ्या पाषाणाला आंबटाची तेवढी भीती नाही, पण दगडांच्या मधल्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या सांध्यांना आहे.

जांभ्याचा चिरा मऊ आणि छिद्रांचा. त्यावर यंत्राचा जोरदार फवारा मारला तर चिरा झिजतो. तिथे ब्रश आणि साधं पाणी बरं. चुन्याच्या सफेदीलाही फवारा नको, सफेदीच धुऊन जाईल. शेणामातीच्या भिंतीची तर गोष्टच नको. आणि जिथे गिलावा पोकळ वाजतो किंवा भेग दिसते, तिथे फवाऱ्याचं पाणी आत शिरून दिवाळीत आतल्या भिंतीवर ओल उमटते.

एक गमतीची गोष्ट सांगते. आपल्या आज्या दरवर्षी दसरा-दिवाळीला चुन्याची सफेदी करून घेत, त्यात शोभेपेक्षा बरंच काही होतं. ताजा चुना इतका तीव्र क्षारयुक्त असतो की त्यावर शेवाळ आणि बुरशी सहजी धरत नाही. आताचे तयार रंग दिसायला सुंदर आणि पुसायला सोपे, पण चुन्याचा तो गुण त्यांच्यात नाही. म्हणून रंगाच्या भिंतींची सफाई अधूनमधून करावीच लागते.

चार उटणी

*धुळीसाठी.* १० लिटर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन मोठे चमचे पुरतात. फेस फार करण्यात अर्थ नाही, तो धुवायला पाणीच जास्त लागतं. घरगुती उपाय हवा असेल तर रिठे आहेतच. १०० ग्रॅम रिठ्यांच्या साली रात्री २ लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, निवल्यावर चुरून फडक्याने गाळा आणि १० लिटरपर्यंत पाणी वाढवा. हे पाणी तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वापरू नका. लाकडी दारं, जाळ्या, काळा दगड आणि फरशी यांना ते उत्तम.

*तेलकट डागांसाठी.* इथे धुण्याचा सोडा हवा, खाण्याचा नव्हे. दोघांचा तोंडवळा सारखा, पण स्वभाव वेगळे. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो आणि तेलाला साबणासारखं करून सोडवतो. ५ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सोडा विरघळवा. डागावर लावून दहा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातात रबरी मोजे हवेतच, नाहीतर त्वचा सोलते. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना हे पाणी लागू देऊ नका, त्या काळवंडतात. तेलरंगाच्या दारांवरही नको. स्कूटरखालचा डाग ताजा असेल तर पाणी घालण्याआधी त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती पसरून ठेवा, निम्मं तेल तीच शोषून घेते.

*शेवाळ आणि बुरशीसाठी.* ग्रामपंचायतीची माणसं विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे तीस टक्के क्लोरीन असतं, पण पुडा उघडा राहिला किंवा जुना झाला की ते उडून जातं. नाकाला झोंबणारा वास नसेल तर ती पावडर मेलेली समजा. प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर थंड पाणी घ्या आणि त्यात ८० ते १०० ग्रॅम पावडर हळूहळू टाकून काठीने ढवळा. पाणी आधी आणि पावडर नंतर, हा क्रम मोडू नका. अर्धा तास तसंच ठेवलं की चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतून तेवढंच वापरा. पावडरीऐवजी बाजारातलं पातळ ब्लीच असेल, आणि बाटलीवर चार-पाच टक्के लिहिलेलं असेल, तर एका वाटीला आठ वाट्या पाणी घाला. ही दोन्ही द्रावणं रोज ताजी करा, उद्यासाठी ठेवू नका.

भिंत आधी साध्या पाण्याने ओली करा, म्हणजे औषध आत शोषलं न जाता वरच राहतं. मग फवारणीच्या हातपंपाने किंवा ब्रशने द्रावण लावा. दहा ते पंधरा मिनिटांत हिरवा रंग पिवळट-पांढरा पडेल. तेवढा वेळ भिंत वाळू देऊ नका. शेवाळ जाड असेल तर आधी खरवडून काढा आणि मग औषध लावा. रंगीत भिंत असेल तर कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हातभर पट्ट्यावर आदल्या दिवशी करून पाहा.

झाडांची काळजी मात्र आठवणीने घ्या. तुळशीवृंदावन, कढीलिंब, गुलाबाच्या कुंड्या यांना आधी भरपूर पाणी घालून ठेवा, वर प्लॅस्टिक झाका, आणि काम संपल्यावर पुन्हा पाणी मारून प्लॅस्टिक काढा. हे पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या डोणीकडे वाहणार नाही असं बघा.

*क्षार आणि गंजासाठी.* चिनी मातीच्या चकचकीत टाइल्स आणि काच, एवढ्याचसाठी हे उटणं. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचं फूल. पाच-दहा मिनिटांनी घासून धुवा. गंजाचा लहानसा ओघळ असेल तर अर्धं लिंबू मिठात बुडवून घासलं तरी भागतं. बाटलीतल्या कडक ॲसिडच्या वाटेला जाऊच नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, ते प्रामुख्याने ॲसिडहल्ल्यांना आळा बसावा म्हणून. पण घरात अशी बाटली नसणं हे लेकराबाळांच्या दृष्टीनेही हिताचंच.

आणि हो, भिंतीच्या खालच्या भागाला पांढरी मिठासारखी पूड सुटते, तो लोणा. त्याला धुऊ नका. पाण्याने तो पुन्हा आत जिरतो आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतो. कोरड्या ब्रशने झटकून काढा आणि ओल कुठून येते ते शोधा.

एका बादलीत एकच औषध

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

"चार चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की पाचवी आणखी चांगली होईल," हा विचार चिवड्याला ठीक. सफाईच्या औषधांना तो लागू नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचं पुष्कळजणी सुचवतात. छान फसफसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं केवढं काम चाललंय! पण त्या फेसात दोघंही एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारं पाणी. उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यातली गत! साबणात व्हिनेगर घातलं तर साबण फाटतो आणि चिकट साका उरतो. इथवर नुकसान फक्त पैशाचं.

पण ब्लीचिंगमध्ये काहीही आंबट पडलं, मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो की संडास साफ करायचं ॲसिडवालं औषध, तर त्यातून क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. ब्लीचिंग आणि अमोनिया एकत्र आले तरी असाच विषारी वायू होतो. काचा पुसायच्या काही औषधांत अमोनिया असतो. मांजर-कुत्र्याने घाण केलेल्या कोपऱ्यातही तो असतो, म्हणून असा कोपरा आधी साध्या पाण्याने धुऊन घ्यावा.

क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. म्हणजे बादलीशेजारी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराच्या नाकाशी तो आपल्या आधी पोचतो. मोरीसारख्या बंद जागेत तर फारच धोका. उघड्या अंगणातही बादलीवर वाकलेलं माणूस गुदमरू शकतं.

म्हणून नियम साधा आहे. एका बादलीत एकच औषध. एका दिवशी, एका भिंतीवर एकच औषध. दुसरं लावायचं असेल तर पहिलं भरपूर पाण्याने धुऊन काढा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कुठलंही औषध भरून ठेवू नका. उरलेली पावडर कोरड्या, थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. रॉकेल, तेल आणि ॲसिडपासून ती दूरच हवी, कारण तेलाशी गाठ पडली तर ती पेटही घेऊ शकते.

हे काम करायला बाई किंवा गडी बोलावला असेल तर नियम त्यांनाही समजावून सांगा, आणि मोजे, चष्मा आपण द्या. त्यांचेही हात हातच आहेत.

चुकून कधी असा वास सुटलाच, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, तर बादली उचलायच्या फंदात पडू नका. सगळ्यांनी मोकळ्या हवेत जावं. खोकला किंवा दम थांबत नसेल तर १०८ वर गाडी बोलावून दवाखाना गाठावा. डोळ्यात थेंब उडाला तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि मग डॉक्टरांकडे जावं.

यंत्र हातात घेताना

गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली आलेल्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब २ बारच्या आसपास. आणि घरगुती यंत्राचा दाब १०० ते १३० बार! यावरून त्याची ताकद ओळखा. ही धार कातडी फोडून आत शिरू शकते. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत मोठं नुकसान झालेलं असतं. अशी जखम झाली तर हळद दाबून घरी बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. धार माणसावर, जनावरावर किंवा गंमत म्हणूनसुद्धा कुणाच्या पायांवर मारायची नाही. पायात पट्ट्याची चप्पल नको, बंद बूट हवेत.

विजेचं आणि पाण्याचं सख्य कधीच नसतं. यंत्राची पिन अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. घरात विजेची गळती झाल्याबरोबर प्रवाह तोडणारं आरसीसीबी बसवलेलं असावं. नसेल तर वायरमनला विचारून ते आधी बसवून घ्या. मीटरची पेटी, बाहेरचे दिवे, घंटेचं बटण यांच्यावर फवारा नको. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या जाळीवरही नको, तिची पातळ पाती वाकतात. शिडीवर चढून तर यंत्र मुळीच चालवू नका, धारेचा मागे धक्का बसतो आणि तोल जातो. वरच्या मजल्यांचं काम ते करणाऱ्या माहीतगार माणसांवर सोपवावं.

ब्लीचिंगचं पाणी यंत्राच्या साबणाच्या डब्यात भरू नका. आतली रबरं आणि धातूचे भाग त्याने खराब होतात, आणि पावडरीची कणी तोटीत अडकते. औषध हातपंपाने लावायचं आणि यंत्रातून फक्त पाणी, असा सोपा हिशेब ठेवा. हातपंप मात्र नवा घ्या. झाडांवर कीडनाशक मारलेला पंप या कामाला चालणार नाही.

काम सकाळी किंवा चारनंतर करावं. भर उन्हात औषध चटकन वाळतं आणि भिंतीवर नकाशे उमटतात. औषध लावायचं ते खालून वर, म्हणजे ओघळांच्या रेघा पडत नाहीत. धुवायचं ते वरून खाली. पंख्यासारखी पसरट धार ठेवा. रंगाच्या भिंतीपासून मीटरभर लांबून सुरुवात करा आणि गरज पडली तरच हळूहळू पुढे सरका. एका हातापेक्षा जवळ जाऊ नका. फरशीला थोडं जवळून चालतं, पण तिच्या सांध्यातलं सिमेंट उडत नाही ना, तेवढं बघा.

पाण्याचा हिशेब

"एक दिवसाआड येणाऱ्या पाण्यात ही चैन कुठली?" असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. घरगुती यंत्र मिनिटाला साधारण ५ ते ७ लिटर पाणी घेतं, म्हणजे तासाला ३०० ते ४०० लिटर. चांगल्या दाबाच्या नळाला लावलेली उघडी रबरी नळी मात्र मिनिटाला १५ ते २० लिटर ओतते. त्या मानाने यंत्र काटकसरी, पण तेव्हाच, जेव्हा औषधाने आधी आपलं काम केलेलं असतं. नुसत्या पाण्याच्या जोरावर शेवाळ काढत बसाल तर टाकी रिकामी होईल आणि पायरी निम्मी हिरवीच राहील.

आणखी एक युक्ती. कपडे धुण्याच्या यंत्रातलं शेवटच्या खळबळण्याचं पाणी पिंपात साठवा आणि फरशी पहिल्यांदा भिजवायला तेच वापरा. ते फवाऱ्याच्या यंत्रात मात्र घालू नका, कपड्यांचे तंतू अडकतात. ज्या जागेला ब्लीचिंग लावायचं आहे तिथेही हे साबणाचं पाणी नको, तिथे साधंच पाणी. नाहीतर आपणच केलेला नियम आपणच मोडायचो!

पुन्हा शेवाळ येऊ नये म्हणून

शेवाळाला ओल आणि सावली एवढंच लागतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे ते यायचंच. पण वर्षभर ओल पुरवणाऱ्या जागा आपण बंद करू शकतो. गळका नळ, भरून वाहणारी टाकी, तुटलेली पन्हळ, भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्या, खिडकीवर आलेली फांदी. एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन घराभोवती चक्कर मारा आणि जिथे काळी रेघ दिसते तिथे वर बघा. बहुतेक वेळा रेघेच्या डोक्यावर काहीतरी गळत असतं.

रंग द्यायचा बेत असेल तर भिंत धुतल्यावर निदान चार-पाच दिवस कडक ऊन मिळू द्या. मेलेलं शेवाळ न धुता त्यावर रंग फासला, किंवा ओल्या भिंतीवर रंग दिला, तर पुढच्या पावसात तो फुगून सुटतो आणि खर्च वाया जातो.

वेळापत्रक असं ठेवा. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मागची पायरी, न्हाणीघराची वाट आणि जिना, म्हणजे जिथे जिथे घसरायची भीती आहे त्या जागा. दुसऱ्या रविवारी अंगण आणि गाडीची जागा. तिसऱ्या रविवारी दर्शनी भिंत आणि फाटक. तिसरा रविवार फराळाच्या गडबडीत हुकला तर हुकू द्या. भिंत थांबेल. पायरीचं काम मात्र पहिल्याच रविवारी उरका, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत मध्ये एक खुर्ची आडवी घालून ठेवा, म्हणजे कुणी चुकून ओल्यात पाय टाकणार नाही.